रजेच्या तोंडावर

बहरीनला आमच्या कॅम्पात एखाद्याची रजा मंजूर झाली की तो माणूस स्वतःचा राहत नसे, त्याचं पोस्ट ऑफिस होई. सलमाबादच्या गोदामांमागे पत्र्याच्या खोल्या होत्या, तिथे आम्ही राहत होतो. बातमी सगळ्या खोल्यांत फिरायला एक जेवण पुरे. मग पुढचे शुक्रवार लोक पुडकी घेऊन येत. हिद्दहून येत, मुहर्रकहून येत, ज्यांची तोंडं कधी पाहिली नाहीत असे लोक कुणाच्या तरी ओळखीनं येत. मांजरपाटात शिवलेली पुडकी, वर जाड शाईत गाव, वाडी आणि बापाचं नाव. आत बामच्या बाटल्या, टेरिकॉटचे तुकडे, दुधाची पावडर, नाहीतर एखादी कॅसेट, जिच्यात पत्र लिहायचा कंटाळा असलेल्याने अर्धा तास बोलून ठेवलेलं असे. जाणाऱ्याने नाही म्हणायचं नाही. त्याच्या स्वतःच्या पोरांसाठी खोक्यात उरेल तेवढी जागा.

तारीख लपवून गेलेला माणूस कद्रू. "आमचं ओझं नको म्हणून गुपचूप पळाला," हे वाक्य त्याच्या आधी त्याच्या गावात पोचे.

चाल चांगली होती. चांगली होती म्हणूनच तिच्यावर एक धंदा उभा राहू शकला, आणि तो धंदा आठवला की आजही माझे दात आवळले जातात.

मी कोकणातला नव्हे, कोल्हापूरचा. कॉलेजात फीवाढीविरुद्ध पत्रकं लिहिली, भिंती रंगवल्या, एकदा लॉकअपचं जेवणही जेवून आलो. मग कुणी नोकरी देईना. ऐंशीच्या सुमाराला एका बांधकाम कंपनीत टायपिस्ट म्हणून बहरीनला आलो. खोलीत सगळे रत्नागिरी जिल्ह्यातले. ते मला घाटी म्हणत. मी कशावर तरी तावातावाने बोलायला लागलो की कोपऱ्यातून आवाज येई, "घाट्याचा रेडिओ लागला रे, कुनीतरी बंद करा."

शेजारच्या खाटेवर शटरिंगचे एक सुतार होते. संगमेश्वराकडचे, चाळिशीतले. सगळे त्यांना मेस्त्री म्हणत, मीही म्हणे. त्या वर्षी शिमग्याला त्यांना गावी पोचायचंच होतं. त्यांच्या घराकडे देवीच्या पालखीचा पहिला खांदा होता. होळीला पालखी देवळातून बाहेर पडते तेव्हा पुढच्या दांड्याला त्यांच्या घरातल्या कर्त्या पुरुषाने आधी खांदा लावायचा, मग बाकी गावाने. आदल्या वर्षापर्यंत वडील लावत. वडील पावसाळ्यात वारले, तेव्हा मेस्त्रींना जाता आलं नाही, कंपनीने सोडलं नाही. आता पहिल्याच शिमग्याला ते हजर नसते तर चुलतभाऊ टपून होता. आणि मान एकदा हलला की हलला. मग गावकीत बसा, कोर्टात जा, पालखी तुमच्याकडे परत वळत नाही. या गोष्टीवरून त्या भागात सख्ख्या भावांची डोकी फुटलेली आहेत.

मला हे पटत नव्हतं. आजही पटत नाही. देवीला काय कळतं खांदा कुणाचा ते, असं मी मेस्त्रींना तोंडावर विचारलं होतं.

"देवीला कळू दे न्हायतर नको कळू दे," ते म्हणाले. "गावाला कळतंय ना."



तर मेस्त्रींची रजा मंजूर झाली आणि पुडकी यायला लागली. आणणाऱ्यांत गुहागरकडचे एक गृहस्थ होते. पांढरा बुशशर्ट, डोक्याला तेल, बोलणं साखरेत घोळलेलं. ते अधूनमधून कॅम्पात येत, प्रत्येक खोलीत खाटेच्या कडेवर बसत, गावाकडची खबर सांगत, कोण कधी निघणार ते विचारत. आई गावी एकटी आहे, तिची औषधं पाठवायची असतात, म्हणत. मनामा शहरात कुठल्याशा ऑफिसात आहेत एवढंच आम्हाला माहीत होतं.

"मेस्त्री, तारीख पक्की ना?"

"पक्की. गुरवारचं दुपारचं इमान."

"म्हणजे होळी गाठलीत म्हणा!"

"गाठायलाच पायजे हो."

"गाठाल, गाठाल. देवी नेईल," असं म्हणून त्यांनी पुडकं मेस्त्रींच्या हातात दिलं, वर दोन्ही हातांनी नमस्कार केला.

सोमवारी मेस्त्री पासपोर्ट आणायला ऑफिसात आले. आमचे सगळ्यांचे पासपोर्ट कंपनीच्या कपाटात असत, रजेच्या वेळी तेवढे हातात मिळत. मी शेजारच्या टेबलावर टाइप करत होतो. पर्सनेल मॅनेजरने कपाट उघडलंच नाही. त्याने एक कागद पुढे सरकवला आणि म्हणाला, "पासपोर्ट मफी, नहीं मिलेगा. पहले उधर का खलास करो, क्लिअरन्स लेटर लाओ, फिर."

कागद वसुली करणाऱ्या एका एजन्सीचा होता. इंग्रजीत होता, म्हणून मेस्त्रींनी माझ्याकडे दिला. दवाखान्याचं बिल थकलं आहे, एजन्सीची फी आणि पत्रव्यवहाराचा खर्च धरून एवढे दिनार येणे आहे, तोवर या माणसाला देशाबाहेर सोडू नये. मूळ बिल सात दिनारांचं. खाली बेरीज केली होती ती तिपटीच्या वर गेली होती.

"कसलं बिल?" मेस्त्री म्हणाले, आणि लगेच स्वतःच्या उजव्या तळहाताकडे बघायला लागले.

दीडेक वर्षापूर्वीची गोष्ट. फोरमनने एका शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, जादा कामाला बोलावलं होतं. फळ्या उतरवताना खिळा तळहातातून आरपार गेला. फोरमनने आपल्या पिकअपमध्ये घालून मनामातल्या एका खाजगी दवाखान्यात नेलं. टाके पडले, धनुर्वाताचं इंजेक्शन झालं. कुठल्याशा कागदावर मेस्त्रींनी डाव्या हाताने सही केली. "कंपनी देगा," फोरमन म्हणाला होता. कंपनीने दवाखान्याला उलट कळवलं की शुक्रवारी आमचं काम बंद असतं, त्या दिवशी आमचा कुणी माणूस कामावर नव्हता. ही गोष्ट कंपनीने दवाखान्याला सांगितली, दवाखान्याने एजन्सीला सांगितली. ज्याच्या हाताला भोक पडलं होतं त्याला कुणी सांगितली नाही.

ऑफिस सुटल्यावर आम्ही दोघे मनामाला गेलो. बाजारात एका कापडाच्या दुकानावर एजन्सीची खोली होती. अरुंद जिना, वर काचेचा दरवाजा. मेस्त्री पुढे होते. ते दारात थबकले आणि मी त्यांच्या पाठीवर आदळलो.

टेबलामागे गुहागरचे गृहस्थ बसले होते.

"या, या मेस्त्री," ते उठून म्हणाले. जराही वरमले नाहीत. "बसा. चहा सांगतो. हे कोण, तुमचे टायपिस्ट भाऊ ना? तुम्हीही बसा."

मी बसलो नाही. मी विचारलं, "तुम्ही शुक्रवारी खोलीवर आला होता तेव्हा हे बिल तुमच्याकडे होतं की नाही?"

"होतं."

"त्याच्या आधी?"

"आधीही होतं. दवाखाने छोटी बिलं आम्हाला गठ्ठ्याने विकतात, भाऊ. पाव किमतीला. जुनी झाली की त्याहून स्वस्त."

"मग दीड वर्ष कुठे झोपला होता? कॅम्पचा पत्ता माहीत आहे, खाट माहीत आहे, माणसाच्या मांडीला मांडी लावून चहा पिता. तेव्हा तोंडातून शब्द का नाही काढला?"

ते हसले. शिक्षक मठ्ठ पोराकडे बघून हसतात तसे. "तेव्हा सांगून काय उपयोग? महिन्याच्या दोन तारखेला ड्राफ्ट गावी जातो, हातात काय राहतं तुमच्या? मी आलो असतो तर मेस्त्री म्हणाले असते, पुढच्या महिन्यात बघू. बरोबर ना, मेस्त्री? रजेच्या तोंडावर माणूस बघू म्हणत नाही. देतो."

मी बरेच लबाड लोक पाहिले आहेत, पण आपली लबाडी इतकी सरळ, हिशेबाच्या सुरात सांगणारा दुसरा पाहिला नाही. त्याला वाटत होतं मी त्याच्या हुशारीला दाद देईन.

"तुम्ही गावोगावचे शिमगे आणि गणपती बघून वसुली करता," मी म्हणालो.

"मी नाही करत, एजन्सी करते. मी कमिशनवर आहे. आणि कोकणी माणूस सणाला जाणार हे काय गुपित आहे?" मग मेस्त्रींकडे वळून, अगदी घरगुती आवाजात, "मेस्त्री, मनावर घेऊ नका. एकदाचं मोकळं व्हा. आणि ते पुडकं जरा वर ठेवा हं खोक्यात, बाटली आहे आत, फुटायची."

मेस्त्रींनी मान हलवली. बाटली सांभाळायला होकार दिला! जिन्यातून उतरताना मी ओरडलो की ते पुडकं आताच्या आता समुद्रात फेका.

"पुडकं त्याचं न्हाय, त्याच्या आवशीचं हाय."

"आणि तो कोण? तिचाच ना?"

"हां. पन औषध तिचं हाय," मेस्त्री म्हणाले, आणि पुढे चालायला लागले. यावर आमचं भांडण झालं आणि ते मिटलेलं नाही. माझ्या मते ते पुडकं फेकायलाच हवं होतं.

दुसऱ्या दिवशी मी खोटं सांगून सुट्टी काढली आणि दवाखान्यात गेलो. मला मूळ बिल बघायचं होतं. खिडकीतला माणूस म्हणाला, "वो फाइल इधर मफी. बेच दिया."

"आदमी का टाका बेच दिया?"

"टाका नहीं, उधारी," तो म्हणाला, आणि माझ्या मागच्या बाईला पुढे या म्हणाला.

कंपनीत गेलो. मॅनेजर म्हणाला शुक्रवार आमचा नाही. फोरमनला गाठलं. फोरमन म्हणाला, मी माणुसकीने दवाखान्यात नेलं, आता माझ्याच गळ्यात पडता का? म्हणजे दवाखान्याकडे बिल नाही, कंपनीकडे शुक्रवार नाही आणि फोरमनकडे फक्त माणुसकी. उरले मेस्त्री.

रजेचा हिशेब पासपोर्टबरोबर मिळणार, आणि पासपोर्ट मिळवायला पैसे आधी हवेत. मेस्त्रींनी खोलीत उसने मागितले. मी विरोध केला. मी म्हणालो, एक छदाम देऊ नका, सगळा कॅम्प घेऊन त्या जिन्यात बसू. कोपऱ्यातला आवाज म्हणाला, "बस तू. तुला परवा इमानात बशीवतील फुकट, एकट्याला." लोक हसले. हसले आणि पैसे जमवून दिले. बहरीनमध्ये जमाव करून जिन्यात बसणाऱ्याचं काय होतं हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं.

बुधवारी मेस्त्री पैसे भरून आले. पावती मिळाली. क्लिअरन्स लेटर नाही मिळालं. त्यावर एजन्सीच्या मालकाची सही लागते, मालक पलीकडे सौदीत गेलेला.

"कधी येणार?" मी दुसऱ्या दिवशी सकाळी तिथे जाऊन विचारलं.

"शनिवारी. इंशाल्ला," गुहागरचे म्हणाले.

"विमान आज दुपारी आहे. तुमच्याकडून कंपनीला एक फोन लावा की पैसे पोचले."

"फोन करणं माझ्या अधिकारात नाही, भाऊ. माझ्या हातात असतं तर..." आणि त्यांनी खरोखर चुकचुकल्यासारखा आवाज काढला. मी टेबलावर हात आपटला. शेजारच्या खोलीतून एक दांडगा माणूस बाहेर आला आणि नुसता उभा राहिला. मी जिना उतरलो. मला वाटलं होतं मी जास्त काहीतरी करेन.

दुपारी मेस्त्री कामाचे कपडे घालून साइटवर गेले. रजा चालू झालेली असताना! बसून काय करू, म्हणाले. विमानं वरून गेली की सलमाबादला आवाज येतो. कुणी वर बघितलं नाही.

शनिवारी मालक आला नाही, रविवारी आला. मग मुंबईच्या विमानात जागा नव्हती. मेस्त्री निघाले तेव्हा गावात होळीची राख थंड होऊन गेली होती. खोक्यात सगळ्यांची पुडकी होती, गुहागरचंही, वरच्या बाजूला, फुटू नये म्हणून टॉवेलात गुंडाळलेलं.

ते गेल्यावर मी पत्रक लिहिलं. कंपनीच्या सायक्लोस्टाइलवर काढलं, कुणाचं नाव न घालता, मराठीत आणि मोडक्या हिंदीत. मजकूर थोडाच होता. दवाखान्यात गेलात तर कोण पैसे देणार हे कंपनीकडून लिहून घ्या. तुमची पावती तुमच्याजवळ ठेवा. छोटी बिलं विकली जातात, आणि तुमच्या रजेची वाट बघितली जाते. म्हणून भावांनो, रजेची तारीख तोंडातून काढू नका.

पुढच्या महिन्यात मनामात आमच्या लोकांची एक पूजा होती. तिथे एका बँकेतले साहेब, पुण्याचे, प्रसादाची वाटी हातात घेऊन माझ्या शेजारी उभे राहिले. "ते कागद तुमचे ना? हे बघा, आपण इथे पाहुणे आहोत. सात-आठ दिनारांसाठी समाजाचं नाव कशाला खराब करता? असेल देणं तर देऊन टाकावं माणसाने."

"तुमच्या बायकोच्या बाळंतपणाचं बिल कोणी भरलं?" मी विचारलं.

"बँकेने. ते वेगळं."

"हो," मी म्हणालो, "ते वेगळंच असतं," आणि वाटी तिथेच ठेवून निघालो. प्रसाद टाकला म्हणून माझ्यावर टीका झाली, पत्रकापेक्षा जास्त.

पण पत्रक लागू पडलं. गुहागरचे गृहस्थ खाटेच्या कडेवर बसत आणि लोक छताकडे बघत. रजा? बघू, अजून काही नाही. आणि मग लोक एकमेकांनाही तसंच सांगायला लागले. सकाळी उठावं तर एक खाट रिकामी, गडी रात्रीच्या विमानाने गेलेला. पुडकी पत्र्याच्या पेटीवर पडून राहायला लागली. कुणाच्या आईचं औषध महिना-महिना इथेच. आता मला लोक सांगतात, घाट्या, तू चांगली चाल मोडलीस. मी मोडली? ज्यांनी ती चाल खबर काढायला वापरली त्यांना जाऊन विचारा. घरात चोर शिरतो म्हणून दाराला कडी लावली, तर पाहुणे येईनासे झाले याचा दोष कडीचा?

मेस्त्री परत आले ते कडक उन्हाळा लागल्यावर. कुळथाचं पीठ, आमसुलं आणि लोकांची पत्रं घेऊन आले. गुहागरच्या म्हातारीला पुडकं स्वतः जाऊन दिलं होतं, एक अख्खा दिवस मोडून. त्या वेळी खोलीत आम्ही दोघेच होतो. मी विचारलं, "पालखी?"

"नाचवली की. मागच्या दांड्याला."

"आणि पुढे?"

"चुलतभाऊ. होळीलाच लागला त्याचा खांदा. माझ्या अंगनात पालखी आली तवा मी पोचलो. तोच बोलला, ये, तुझा बी हात लागू दे." मेस्त्री पेटीतल्या वस्तू काढत होते, ते थांबले. "हात लागू दे, बोलला. माझ्या अंगनात मला."

"तुम्ही सांगितलं नाहीत, तुम्हाला इथे अडवलं होतं म्हणून? गावकीत?"

"बसली होती ना गावकी. सगळे विचारत होते. काय रे बहरीनवाल्या, बापाच्या मागचा पयला शिमगा आन तू न्हाय? मी बोललो, इमानात जागा न्हाय मिळाली."

"खोटं कशाला?"

"मग काय सांगू?" ते एकदम माझ्या अंगावर आले. एवढ्या दिवसांत त्यांचा आवाज चढलेला मी ऐकला नव्हता. "मागच्या साली देवळाच्या कळसाला पैसे धाडले मी. त्या गावात उभा ऱ्हाऊन सांगू, दवाखान्याचे सात दिनार ऱ्हायले म्हनून माझा पासपोट दाबला? कोन मानील? आन मानलं तर? मोठं कर्ज असतं तर सांगितलं असतं, घाट्या. लाख-दोन लाखांचं. लोकं हळहळली तरी असती. ह्याला कोन हळहळनार? हसतील. आता काय बोलतात ठाव हाय? पैशाच्या लोभानं आला न्हाय बोलतात. बोलू दे. लोभी बरा."

मी म्हणालो, मी हे लिहिणार आहे. पत्रकात नाही, नीट, कुठेतरी छापून येईल असं.

त्यांनी आमसुलाच्या पिशवीची गाठ सोडली. "लिव," म्हणाले. "माझं नाव नको घालूस. गावाचं नको. आन आकडा बी नको घालूस. थोडे पैसे होते एवढंच लिव."

नाव घातलेलं नाही. गावाचंही नाही. आकडा मात्र मी घातला आहे, त्यांनी नको म्हटलं तरी. सात दिनार. हसायचं असेल त्याने त्या दवाखान्याला हसावं.